सातव्या घरातला मंगळ

संस्थानचे राजज्योतिषी नरहरशास्त्री यांनी कोष्ट्याच्या सगुणेची पत्रिका पाहिली आणि सांगून टाकलं, "सातव्या घरात मंगळ. ही नवरा गिळणार." सासरच्यांनी ठरलेलं लग्न मोडलं. सगुणेने अन्न सोडलं. तेव्हा तिच्या जन्माच्या वेळची सुईण यमाक्का संतापून थेट दरबारात शिरली.

"शास्त्रीबुवा, पत्रिका मांडतात कशी?"

शास्त्री ऐटीत म्हणाले, "जन्मवेळी पूर्वेला जी रास उगवते, ते पहिलं घर. तिथून बारा घरं मोजायची, त्यांत नऊ ग्रह बसवायचे. सातवं घर जोडीदाराचं."

"आणि एकाच गावात, एकाच घटकेला दोन पोरं जन्मली तर?"

"पत्रिका एकच. ब्रह्मदेवालाही बदलता येणार नाही!"

"मग ऐका. मी सगुणेची नाळ कापत होते, तेव्हाच युवराजांच्या जन्माची तोफ धडाडली. त्यांच्या मंगळाचं काय लिहिलंत?"

महाराजांनी युवराजांची पत्रिका मागवली. मंगळ सातव्याच घरात होता. खाली शास्त्रींच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पराक्रमी पती'.

यमाक्का कडाडली, "तोच मंगळ राजवाड्यात पराक्रम करतो आणि कोष्टीआळीत माणूस मारतो? मग युवराज्ञींनाही सांगा, त्यांचा नवरा त्यांना गिळणार म्हणून!"

"तसा... सौम्य मंगळ आहे," शास्त्री पुटपुटले.

"हे मला नको, सगुणेच्या होणाऱ्या सासऱ्याला सांगा. भर आळीत, मोठ्याने!"

महाराजांनी मान डोलावली. शास्त्री आळीकडे निघाले. एखादा शब्द गाळला तर टोकायला यमाक्का मागोमाग चालली.