हजार रुपयांची हौस

उज्ज्वला खोत कुस्तीच्या कोट्यातून कॉलेजात प्रवेश मागायला आली. प्राचार्य गुळवणींनी तिचा अर्ज बाजूला सारला.

"जत्रेच्या फडात तू हजार रुपये इनाम घेतलंस, असं तूच लिहिलंयस. ही जागा हौशी खेळाडूंची आहे. पैसा घेतला की हौस संपते आणि धंदा सुरू होतो."

सरांच्या डोक्यामागे भिंतीवर एक चौकट टांगलेली होती. उज्ज्वलाने ती मोठ्याने वाचली. "हौशी नाट्यस्पर्धा. अभिनय, प्रथम क्रमांक, श्री. गुळवणी. रोख रुपये दोन हजार."

मग तिने अदबीने विचारलं, "सर, नाटकाचा धंदा सध्या कसा चाललाय?"

गुळवणींनी अर्ज पुन्हा पुढे ओढला आणि सही ठोकली.

"आजवर बरा चालला होता," ते म्हणाले. "आजचा प्रयोग पडला."