दोन तांडेल आणि कावळ्या खडक

एका खाडीच्या दोन काठांवर दोन गावं होती, आणि दोन्ही गावांचा डोळा एकाच पाण्यावर होता. खाडीच्या तोंडाशी मासळी भरपूर. तिथे वर्षभर जाळी कोणी लावायची, हे पावसाळा सरला की होड्यांच्या शर्यतीवर ठरायचं. समुद्रातल्या कावळ्या खडकाला वळसा घालून जी होडी आधी परत येईल, तिच्या गावाला वर्षभर मासळी. दुसऱ्या गावाने उथळात खेकडे शोधत बसायचं.

पलीकडच्या गावाचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा, बारा वर्षं एकच होता. त्याला कोणी जाब विचारत नव्हतं, अडवत नव्हतं. अलीकडचं गाव मात्र तीन वर्षं हरत होतं. त्यांचा तांडेल थकला, आणि जागेसाठी दोघे उभे राहिले. रुंद खांद्यांचा जोमा आणि किडकिडीत पोशा.

अलीकडच्या गावाची रीत अशी होती. दोघांनी एकच होडी आणि तेच सोळा वल्हेकरी घेऊन पंधरा-पंधरा दिवस समुद्रात जायचं. मग घरटी एक शिंपला, जो पसंत त्याच्या टोपलीत टाकायचा. ज्याची टोपली हलकी, त्याने स्वतःच्या हाताने सुकाणू धुऊन दुसऱ्याला द्यायचं.

पहिले पंधरा दिवस जोमाचे होते. तेवढ्यात गावात असं काही जुंपलं की विचारू नका. जावाजावांनी एकमेकींकडे मीठ मागणं सोडलं. पोशा म्हणाला, जोमा अर्ध्या वाटेतच माणसांची दमछाक करतो. खोटं नव्हतं ते. जोमाला झोंबलं. भर बाजारात, जिथे दोन्ही काठांची माणसं मासळी विकायला बसायची, तिथे तो उभा राहून म्हणाला, "पोशाला कावळ्या खडकाची भीती वाटते. तो लांबून वळतो."

तेही खोटं नव्हतं. सगळा बाजार हसला. पोशा मान खाली घालून घरी गेला. पण त्याचे पंधरा दिवस सुरू झाले, तसा तो रोज पहाटे, पलीकडचे जागे व्हायच्या आत, त्या खडकाशीच जाऊन वळू लागला. पहिल्या दिवशी त्याने दोन्ही हातांनी सुकाणू घट्ट धरलं होतं. पंधराव्या दिवशी त्याने जाता जाता खडकाला हात लावला.

पोशा पाच शिंपल्यांनी जिंकला. जोमाने सुकाणू धुतलं, त्याच्या हाती दिलं आणि घरी जाऊन दार लावून घेतलं. होडीच्या उजव्या बाजूचे आठ जण जोमाचे. तेही उठून गेले. वल्ही काय, डावीकडचे एकटे मारतील, असं म्हणाले.

म्हाताऱ्या तांडेलाने होडीची रिकामी उजवी बाजू पाहिली. आठ माणसांची होडी शर्यतीत म्हणजे जाणूनबुजून हरणं. पण तो जोमाच्या दारी गेला नाही. समजावून हा माणूस ऐकणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

शर्यतीच्या आदल्या दुपारी जोमा टेकडीवर लाकडं आणायला गेला होता. तिथून त्याला पलीकडच्या गावाची होडी दिसली. ती कावळ्या खडकाजवळ येत होती, खडकाशेजारी एक चिंचोळी वाट मोकळी सोडत होती आणि बाहेरची सगळी जागा अडवून वळत होती. पुन्हा पुन्हा तेच. जोमा जरा वेळ बघत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं. पोशा त्या फटीत शिरणार नाही, असं धरून त्यांनी बेत केला होता. आणि पोशा खडकाला भितो, हे त्यांना भर बाजारात सांगितलं होतं जोमानेच. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

सकाळी तो किनाऱ्यावर आला आणि उजवीकडच्या पहिल्या वल्ह्यावर बसला. त्याला बसलेला पाहून त्याची माणसं आली; पहिल्या वल्ह्यावरच्याने त्याला जागा सोडली आणि बाकीचे सातही येऊन बसले. पोशाने सुकाणू हाती घेतलं.

शर्यत खडकापर्यंत बरोबरीत गेली. तिथे पलीकडच्यांनी ठरल्याप्रमाणे बाहेरची जागा अडवली. पोशाने सुकाणू आत वळवलं. फट इतकी अरुंद की उजवीकडची वल्ही खडकावर मोडणार.

"वल्ही आत!" जोमा ओरडला.

त्याचीच माणसं ती. आठही वल्ही एकदम आत आली आणि होडी खडकाला घासून पुढे निघाली. पलीकडचे वळून सावरेपर्यंत अलीकडचे किनाऱ्याला लागले होते. पलीकडच्या दोन वल्हेकऱ्यांना आधीच वाटलं होतं, की फट जरा जास्तच सुटते आहे. पण तांडेलाला काही सांगायची त्या गावात सवयच उरली नव्हती.

संध्याकाळी जाळी बांधताना गावात वाद चाललाच होता. कोणी म्हणे, या भांडणानेच आपण जिंकलो. कोणी म्हणे, या भांडणाने आपण मेलो होतो. जोमा पोशाजवळ जाऊन बसला.

"खडकाचं मी बाजारात बोललो, ते चुकलं. तुझ्या तोंडावर बोलायला हवं होतं."

पोशाने गाठ आवळली. "तोंडावर बोलला असतास, तर मी ऐकलं नसतं."

मग दोघांनी मिळून जाळं उचललं.

यातून घ्यायचं ते एवढंच: पुढारी निवडताना घरात चुरस झाली तर होऊ द्यावी, तिने माणूस तयार होतो, पण निवड झाली की हरलेल्यानेही आपल्या वल्ह्यावर येऊन बसावं.