बॉनेटखालची धार

ही गोष्ट कोणाकडून ऐकली ते मला आता आठवत नाही, आणि मोटार हिरवी होती की निळी याचीही खात्री देता येत नाही. पण फार पूर्वी नरहर मिस्त्रीने सुटे भाग जोडून घरीच एक मोटार बनवली होती, एवढं बहुधा बरोबर आहे.

रस्त्यावर येण्याआधी मोटारीची तपासणी व्हायची होती. रस्त्यावरच्या कोणाला ती कापू नये म्हणून तपासनीस तिच्या अंगावरून एक चेंडू फिरवणार आणि चेंडू टेकेल तिथे धार सापडली तर मोटार नापास करणार. म्हणून कानस तिच्या कडा घासघासून गोल करत होती.

बाहेरचं सगळं झाल्यावर कानस म्हणाली, "आता बॉनेट उघड. आतल्या पत्र्याच्या कडा राहिल्यात."

"पुरे गं बाई तुझी खरखर!" मोटार म्हणाली. "आत काही चेंडू पोचत नाही."

"नरहरचा हात पोचतो ना?"

"तो घरचाच माणूस. घेईल सांभाळून."

"म्हणजे परक्यांपुढे लोणी आणि घरच्याला सुरी?" कानस वैतागली. "कुठे डोकं आपटू मी!"

मोटारीने बॉनेट उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती पास झाली. नरहरने आळीभर पेढे वाटले, मग तेल बघायला हात आत घातला आणि कळवळला. "असू दे, आपलीच आहे," म्हणत त्याने बोटाला चिंधी गुंडाळली.

कित्येक वर्षांनी मी मुद्दाम चौकशी केली. त्या मोटारीने परक्या माणसाला कधी साधा ओरखडाही काढला नव्हता.