जायबायचा खकाणा

ऐका तर. दीपस्तंभातला दिवा तेलावर जळायचा आणि त्याला राखायला माणूस लागायचा, तेव्हाची, फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. बोरखाडी गावासमोर, भर समुद्रात कासवखडक आहे. त्यावर ना झाड, ना गोडं पाणी. तिथं पदाजी दिवा सांभाळायचा आणि त्याची बायको जायबाय चूल. तिनं फोडणी दिली की पलीकडे बोरखाडीतली मांजरं किनाऱ्यावर येऊन बसत, असं म्हणतात. मांजरांना विचारायला कोण गेलंय म्हणा!

एकदा माघात सकाळी धुकं उतरलं. इतकं दाट, की दिवा असून नसल्यासारखा. त्याच सकाळी गावच्या सात होड्या परतायच्या होत्या आणि सगळ्यात पुढच्या होडीत जायबायचा धाकटा भाऊ हाशा होता. कासवखडकावर आपटलेल्या होडीची फळीसुद्धा कधी हाती लागत नसे. पदाजीनं थाळी बडवून बघितली, पण धुक्यात आवाज कुठून येतो तेच कळत नाही.

मग जायबायला सुचलं. जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत होता. आवाज नाही तर नाही, वास तर पोचेल! वासावरून हाशा खडक ओळखेल आणि होडी वळवेल. तिनं लसूण ठेचून सुकटीला झणझणीत फोडणी दिली.

वास पोचला. पण तीन दिवस शिळ्या भाकरीवर काढलेली माणसं ती! खडकबिडक कुणाच्या डोक्यातच आला नाही. सातही होड्या सरळ सुकटीकडे निघाल्या.

धुक्यातून हाशाची आरोळी आली, "बाय गो, माझंपण वाढ! आलूं बघ!"

"मागं फिर रं! खडक हाय!" जायबाय जीव तोडून ओरडली. सात होड्यांच्या वल्ह्यांत ते कुठच्या कुठं विरून गेलं.

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि वर्षाच्या लाल मिरच्यांची अख्खी गोण चुलीत ओतली. असा खकाणा उठला, की समुद्रपक्षी शिंकत उडाले, मासे पाण्यातून तोंड काढून खोकले, आणि धुक्यालाच ठसका लागून ते मधोमध फाटलं, असं म्हणतात. डोळे चोळत, खोकत खोकत सातही होड्या मागं फिरल्या. हाशाची होडी खडकापासून वीतभर होती.

"जेवायला बोलवतंस नि मिरच्या घालतंस?" हाशा नंतर चिडून म्हणाला. जायबायनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, त्याला कवटाळलं आणि पोटभर रडली. मिरच्या झोंबल्या, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. कुणालाच ते पटलं नाही.

आता दिवा आपोआप लागतो, खडकावर कुणी राहत नाही. पण दरवर्षी पहिलं धुकं पडलं की बोरखाडीत घरोघरी बायका निखाऱ्यावर एक एक मिरची टाकतात. सगळं गाव खोकतं आणि हसतं. ज्या घरातलं कुणीच समुद्रावर जात नाही, तिथंही मिरची टाकतात. का, म्हणून विचारलं तर म्हाताऱ्या म्हणतात, "कुनाचा तरी भाऊस असंलच की तिकडं."