लाडकूआईचा तांब्या

“बुवा, तहानेनं जीव चाललेली माणसं पाण्याकडं पाठ फिरवून बसतात, हे कुठल्या पोथीत लिहिलंय?”

चिंधीबुवा नुसते हसले. चिंध्यांची गोधडी पांघरणारे हे बैरागी बेटाच्या टोकाला, भेंडीच्या डेरेदार झाडाखाली बसलेले असत. मोरेश्वर त्यांचा जुना शिष्य. चार वर्षं त्यांच्याजवळ राहून तो किनाऱ्यावर गेला, तिथं त्यानं सेवेचं मोठं काम उभं केलं आणि आज पाण्याची पिंपं भरलेला मचवा घेऊन परतला होता. जरा फुगूनच परतला होता म्हणा ना.

बेटावर तिसऱ्या वर्षीही पाऊस फिरकला नव्हता. चारी बाजूंना पाणीच पाणी, आणि विहिरीच्या तळाला भेगा. ऊन इतकं पांढरं, की समुद्र कुठं संपतो नि आभाळ कुठं सुरू होतं ते कळेना. मचवा हवेत टांगल्यासारखा दिसत होता.

“सकाळपासून हाका मारतोय. एक हंडा बाहेर येत नाही. ओहोटीआधी निघालो नाही तर मचवा गाळात रुतेल. पुन्हा यायचं म्हणजे पंधरा दिवस... तोवर ही पोरं तग धरतील, बुवा?”

पोरांचे फुटलेले ओठ त्यानं पाहिले होते आणि ते खरंच त्याच्या काळजाला लागले होते.

“उतरलास तेव्हा कोण भेटलं?”

“लाडकूआई. थरथरत धक्क्यावर आली. तांब्या घेऊन.”

“मग?”

“मी हात जोडले. म्हटलं, आई, हे तूच पी, माझ्याकडं बाटली आहे. तिच्या घरचं शेवटचं पाणी मी कसं पिणार?”

हे सांगताना मोरेश्वरची मान थोडी ताठ झाली.

“तिनं काय केलं?”

“काही नाही. पदरानं तांब्या झाकला नि परत गेली.”

“आणि गावाची दारं...?”

“तिच्यामागं सगळ्यांनी लावून घेतली,” मोरेश्वर म्हणाला. या बेटाची रीत त्याला ठाऊक होती. आल्या माणसाच्या हाती आधी पाणी द्यायचं. तो प्यायल्याशिवाय त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. पण दुष्काळात कसली आलीय रीत, असं त्याला वाटलं होतं.

“जातो,” तो म्हणाला. “तांब्याला ओठ लावल्यासारखं करतो.”

“बाटली दे इकडं.”

बुवांनी टोपण काढलं आणि शेजारी धापा टाकत पडलेल्या शेळीपुढं, करवंटीत, सगळं पाणी ओतलं. शेळीनं ते बघता बघता संपवलं.

“आता बस.”

मोरेश्वर बसला. किती वेळ गेला कोण जाणे. लाटांचा आवाज झोपेतून आल्यासारखा लांबून येत होता. जीभ टाळूला चिकटली. डोळ्यांपुढं विहिरी तरंगायला लागल्या, तुडुंब, हिरव्या. एकीच्या काठावर त्याची कधीच गेलेली आई पोहरा ओढत होती, आणि पोहरा काही वर येत नव्हता...

“दादा, भरती उतरायला लागली!” मचव्याचा तांडेल ओरडला.

मोरेश्वर उठला. बुवांना न विचारताच चालू लागला. बुवा काठी टेकत मागून निघाले.

लाडकूआईचं दार बंद होतं.

“आई... घोटभर पाणी देशील?”

आत पावलं सरकली. मग कडी वाजली.

“उभ्यानं नको पिऊ, बाबा,” म्हातारी म्हणाली. “बस.”

तो उंबऱ्याशी बसला आणि तांब्यातलं सगळं पाणी प्यायला. मचूळ होतं, कोमट होतं. पिता पिता त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. लाडकूआईनं रिकामा तांब्या हातात घेतला. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं.

शेजारचं दार उघडलं. मग पलीकडचं. हंडे, कळशा, डबे घेऊन माणसं धक्क्याकडं निघाली. जाता जाता एकेक जण त्याच्या खांद्याला हात लावून गेला.

धक्क्यावरून तांडेलानं विचारलं, “दादा, वाटपाच्या कागदावर तहानलेले किती लिहू?”

मोरेश्वरनं बुवांकडं पाहिलं.

बुवा म्हणाले, “तुला धरून सांग.”