पदर झाडायचा वाफा

आंबेदऱ्याच्या डोंगरउतारावर औषधी झाडांची बाग आहे. अडुळसा, वेखंड, निर्गुडी, सगळं दाटीवाटीनं वाढलेलं. फाटकाजवळचा एक वाफा मात्र साफ रिकामा. तण काढलेलं, माती भुसभुशीत, पण काडीसुद्धा लावलेली नाही.

बाग दाखवणारे भैरू गुरव त्या दुपारी पार मेटाकुटीला आले होते. सहलीच्या मंडळींना "पानं तोडू नका" हे किती वेळा सांगायचं? त्यांतल्या आगाशेबाई "हो, हो" म्हणत आणि भैरूंची पाठ वळली की पर्स उघडत.

"बाई, त्ये कशावर लागतंय, ठावं हाय का?"

"कोण जाणे! असू दे, कधी लागलं तर."

भैरूंनी कपाळाला हात लावला. हेच शब्द सत्तर वर्षं ऐकून त्यांचे कान किटले होते. त्यांनी सगळ्यांना रिकाम्या वाफ्याजवळ बसवलं आणि गोष्ट सांगायला घेतली.

ही बाग म्हणे राही वैदिणीची. या वाफ्यात तिनं जिवनी नावाचं रोप लावलं होतं. तान्ह्या लेकराला ताप चढला, की जिवनीचं ओलं मूळ उगाळून चाटवायचं. सुकलं की मातीमोल. गुण येतो म्हटल्यावर, ज्यांच्या घरी कुणी आजारी नव्हतं तेही येऊ लागले. मूळ उपटायचं, पदरात बांधायचं आणि घरी आढ्याला टांगायचं. राही वैतागायची. "अगं, तुझ्या घरात पाळणा तरी हाय का?" असं खेकसायची. पण नाही म्हणणं तिला कधी जमलं नाही.

मग एका सकाळी तिच्याच तान्ह्या नातीचं अंग तापलं. राही धावत वाफ्याशी आली, तर वाफा असा, आत्ता दिसतोय तसा. पोरीला कडेवर घेऊन ती दारोदार फिरली असं सांगतात. जिवनी नाही असं एक घर नव्हतं, पण जिथं तिथं मुळं वाळून खडखडीत. एकाच घरी आदल्या दिवशीचं मूळ होतं, अजून ओलं. त्या घरच्या बाईनं ते सुपाखाली झाकलं. उद्या आपल्या नातवाला लागलं तर? "न्हाई गं बाई आमच्यात," म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

दिवस कलायच्या आत पोर गेली.

गाव खाली मान घालून, वाळकी मुळं पदरात घेऊन बागेत आलं. ती बाईही आली, मूळ घेऊन. तोवर तेही सुकलं होतं. राहीनं शाप दिला नाही. "झाडा पदर," एवढंच म्हणाली. सगळी मुळं या वाफ्यात पडली. "ह्यात आता काय लावायचं न्हाई. बागंतनं जाताना हितं पदर झाडायचा, मगच उतरायचं."

आजही बागेतून जाणारा प्रत्येक जण या वाफ्यावर पदर झाडतो, खिसे उलटे करतो. आगाशेबाईंनीही पर्स उपडी केली. मूठभर पानं पडली. ओशाळून त्यांनी विचारलं, "मूळ लपवणारी ती बाई कुणाच्या घरची हो?"

"आमच्याच," भैरू म्हणाले, "गुरवाच्या."

मंडळी डोंगर उतरली. भैरूंनी फाटक ओढून घेतलं आणि वाफ्याशी उभं राहून आपल्या सदऱ्याचे दोन्ही रिकामे खिसे रोजच्यासारखे झाडले.