कार्डात दमडी नाही

कार्डावर दोन हजार रुपये छापले होते आणि कार्डात दमडी नव्हती!

धनवर्षा बझारच्या गल्ल्यावर बसणाऱ्या सगुणाला हे सगळ्यांत आधी कळलं. तिनं स्वतःचंच कार्ड यंत्राला लावलं. लाल दिवा लागला. पुसून पुन्हा लावलं. पुन्हा लाल. समोर तिची आई नवा मिक्सर पोटाशी धरून उभी होती. आईचं घर शेंगदाण्याच्या चटणीवर चालायचं. जुना मिक्सर जळाला होता आणि दिवाळीच्या चटणीचे पैसे लोकांनी आधीच देऊन ठेवले होते. "राहू दे गं," म्हणत आईनं मिक्सर परत फळीवर ठेवला आणि मागं न बघता बाहेर पडली. सगुणाला ते फार लागलं.

ही खरेदीची भेटकार्डं दिली होती खुद्द मालकांनी, फुलचंदशेठनी. दिवाळीची भेट म्हणून बारा नोकरांना एकेक. ओळीत उभं करून, फोटो काढून.

आता या कार्डांचं असं असतं. गल्ल्याशेजारी ती उघड्यावर टांगलेली असतात, पण कोरडी. कुणी पळवली तरी उपयोग नाही. गिऱ्हाइकानं गल्ल्यावर पैसे भरले आणि गल्लेवालीनं कार्ड यंत्राला लावून चालू केलं, की मग त्यात पैसा येतो. शेठनी टांगलेली बारा कार्डं काढली आणि तशीच वाटून टाकली.

सगुणा शेठकडे गेली. कार्डं चालू करायची राहिलीत, पैसे भरावे लागतील, असं तिनं बेतानं सांगितलं. शेठ खुर्चीत सरळ झाले.

"माझ्या दुकानात, माझ्याच गल्ल्यात, मीच पैसे भरू?"

"गल्ला तुमचाच आहे शेठ. पैसे कुठं जात नाहीत."

"जात नाहीत तर भरायचे कशाला?"

मग त्यांनी तिलाच विचारलं, कार्डावर दोन हजार लिहिलंय की नाही? लिहिलंय, ती म्हणाली. मग दिले, शेठ म्हणाले. यंत्र मानत नसेल तर यंत्राची समजूत घाल. एवढ्यावर भागलं नाही. हट्टी माणूस बोलायला लागला की थांबत नाही.

"मालक रांगेत उभा राहत नाही. तुझ्यात धमक असेल तर मला रांगेत उभं करून दाखव. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही. काढलास तर दुसरी नोकरी बघ."

गोदामातले जुने हमाल तात्याबा बाहेर ऐकत होते. ते म्हणाले, पोरी, दगडाला पाझर फुटेल, पण या माणसाला फुटायचा नाही. सगुणानं त्यांना एवढंच विचारलं, की धनत्रयोदशीला दुकानात गर्दी किती असते? मुंगीला वाट मिळत नाही, तात्याबा म्हणाले.

"मग झालं तर," सगुणा म्हणाली आणि बाकीच्यांच्या कानाला लागली.

धनत्रयोदशीला बारा जण वेळेवर हजर. गणवेशाला इस्त्री, छातीवर नावाची पट्टी. शेठ खूश झाले. दार उघडलं तशी गर्दी आत घुसली. टोपल्या भरल्या, रांगा दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या. एकही यंत्र वाजेना. सगुणा गल्ल्यावर हात मांडीवर ठेवून बसली होती. तात्याबा तेलाच्या डब्यांशेजारी देवळातल्या गरुडासारखे उभे होते. रांगेत पुढं असलेल्या मावशींनी विचारलं, की अगं, बिल करतेस का आरती म्हणू? सगुणा नम्रपणे म्हणाली, मालकांना विचारा.

शेठ धावत आले.

"हा काय संप मांडलाय?"

"संपावरची माणसं घरी बसतात शेठ. आम्ही वेळेवर आलोय."

"मग काम का होत नाही?"

सगुणानं छातीवरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "इथं काय लिहिलंय?"

"रोखपाल."

"लिहिलंय ना? मग मिळाली तुम्हाला रोखपाल. तात्याबांच्या पट्टीवर हमाल लिहिलंय, तोही मिळाला. आम्ही सगळे आहोत शेठ. फक्त चालू करायचे राहिलोत."

रांगेत हशा पिकला. का, कसं, ते लोकांनी विचारून घेतलं आणि हशा आणखी वाढला. शेठचा चेहरा लालबुंद झाला. एकेकाला काढून टाकीन, ते म्हणाले. जरूर काढा, सगुणा म्हणाली, फक्त त्याआधी मावशींचं बिल तुम्ही करा. शेठनी यंत्राकडे पाहिलं. त्यांना ते चालवता येत नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. समोरचा दुकानदार आपल्या पायरीवर उभा राहून, याल का इकडे, अशा नजरेनं गिऱ्हाइकांना न्याहाळत होता.

आपलेच शब्द आपल्यावर उलटलेले बघून आधी शेठच्या मिशा हलल्या. मग पोट हललं. मग ते इतके हसले, की त्यांना डब्यांचा आधार घ्यावा लागला. हसतहसतच त्यांनी पाकीट काढलं आणि गल्ल्यावर हात पुढं केला.

"रांगेतून या शेठ," सगुणा म्हणाली.

मावशी एक पाऊल मागं सरकल्या. "माझ्या पुढं या. पण उभे राहा रांगेतच."

फुलचंदशेठ आपल्याच दुकानात रांगेत उभे राहिले. त्यांनी पैसे मोजून दिले, सगुणानं पावती दिली, आणि एकामागून एक हिरवे दिवे लागले. बारावा लागला तसे तात्याबांनी डबे उचलले, सगळी यंत्रं वाजू लागली. सगुणानं मावशींचं बिल करता करता आईला फोनवर सांगितलं, की मिक्सर न्यायला ये.

दुकान बंद करायच्या वेळी शेठनी तिला बोलावलं. नवी पट्टी स्वतःच्या हातानं दिली. तिच्यावर लिहिलं होतं, मुख्य रोखपाल. सगुणानं पट्टी उलटी केली, उजेडात धरली, पुन्हा सुलटी केली.

"काय बघतेस?"

"छापलंय सुरेख, शेठ. आत किती आहेत, ते बघतेय."

शेठ पुन्हा खुर्ची धरून हसले, आणि महिन्याला तीन हजारांची वाढ तिच्यासमोरच लिहून सही केली.